गाडी कधी तापली?

साखरपा मागे पडलं आणि आंबा घाट सुरू झाला की मामा बोलायचा थांबायचा. मे महिन्याचा शेवट, कोकणातून कोल्हापूरला परत निघालेली पद्मिनी, आत सहा माणसं, डिकीत आंब्याच्या पेट्या, पायाशी दोन फणस. मामा एक कान इंजिनाकडे लावून स्टिअरिंगखालची गिअरची दांडी वरखाली करत राहायचा. अर्ध्या घाटात, ठरलेल्या वळणावर, गाडी बाजूला घ्यायची, बॉनेट उघडायचं आणि पाऊण तास बसून राहायचं. ‘दम खाऊ दे तिला,’ एवढंच तो म्हणायचा. मग ओलं फडकं रेडिएटरच्या झाकणावर टाकून, तोंड दुसरीकडे फिरवून, झाकण पाव फेरा सैल करायचा. फुस्स! मागच्या सीटखालच्या कॅनमधलं पाणी आत जायचं. घाट चढताना बैलांना तहान लागते, तशी गाडीलाही लागत असणार, यात आम्हा पोरांना काही नवल वाटायचं नाही.

मुंबईतल्या उरल्यासुरल्या पद्मिनी टॅक्सीसुद्धा २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेल्या. आजची गाडी घाटात पाणी मागत नाही. त्यामुळे बॉनेट उघडायची सवय सुटली, आणि डॅशबोर्डवर थर्मामीटरचं चित्र असलेला एक काटा आहे याकडे आपण बघेनासे झालो. बऱ्याच छोट्या गाड्यांत तर काटाच नसतो, नुसता दिवा असतो. इंजिन गार असताना निळा, तापलं की लाल. मग एखाद्या जोडून आलेल्या सुट्टीला खंडाळ्याच्या चढावर गाड्यांची रांग अडकते आणि कडेला जागोजागी बॉनेटं उघडी दिसायला लागतात. गेल्या मे महिन्यात त्यांतलं एक माझं होतं.

दुसऱ्या दिवशी गाडी आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गॅरेजात नेली. काटा किती वर गेला, वाफ आली का, हे सगळं सांगायची तयारी करून गेलो होतो. तिथल्या मेकॅनिकने हात पुसत एवढंच विचारलं, ‘काका, तापली कधी? चढताना, की उभी असताना?’

या प्रश्नात निम्मं निदान असतं. ते कसं, हे कळायला उष्णतेचा जमाखर्च मांडावा लागतो.

इंजिनात पेट्रोल जळून जी ऊर्जा मिळते, तिच्यातला ढोबळ मानाने एक तृतीयांश भाग गाडी ओढायच्या कामी येतो. साधारण तेवढाच सायलेन्सरमधून धुराबरोबर निघून जातो. उरलेला बहुतेक भाग इंजिनाच्या धातूत मुरतो, आणि त्याला बाहेर काढायचं काम पाण्याचं. आता माणसांनी आणि सामानाने भरलेली छोटी गाडी धरा, वजन सुमारे १,३०० किलो. शंभर मीटर जाताना सहा मीटर वर चढवणारा घाट, वेग ताशी ४० किलोमीटर. नुसतं ते वजन वर उचलायला साडेआठ किलोवॅट लागतात. वारा आणि टायरचं घर्षण धरलं की अकराच्या आसपास. म्हणजे तितकीच, कदाचित थोडी जास्तच, उष्णता पाण्यात उतरणार. न्हाणीघरातला गिझर बहुधा दोन किलोवॅटचा असतो. घाट चढताना बॉनेटखाली असे पाच-सहा गिझर एकदम चालू असतात आणि पाणी असतं जेमतेम चार-पाच लिटर. ते फिरलंच नाही, तर काही मिनिटांत उकळेल.

उलट, रांगेत नुसत्या चालू ठेवलेल्या गाडीचं इंजिन तासाला पाऊण लिटरच्या आसपास पेट्रोल जाळतं. तेव्हा पाण्यात उतरणारी उष्णता एखाद्या गिझरएवढीच. एसी लावला तर थोडी अधिक. हिशेबाने उभी गाडी तापायला नको. पण चालत्या गाडीच्या रेडिएटरवर समोरून वारा आपोआप आदळतो, उभ्या गाडीला वारा कोण घालणार? त्यासाठी रेडिएटरमागे विजेचा पंखा असतो. म्हणून उभी असताना तापणारी गाडी पहिलं बोट पंख्याकडे दाखवते, आणि चढावर किंवा हायवेवर भरधाव असताना तापणारी गाडी बाकी सगळ्यांकडे.

आमच्या मेकॅनिकने पुढे काय केलं ते नंतर सांगतो. आधी या पाण्याबरोबर एक फेरी मारून येऊ.

पाणी फिरवणाऱ्या या व्यवस्थेचं काम इंजिन गार ठेवणं हे आहे, असा एक सार्वत्रिक समज आहे. तो अर्धाच खरा. इंजिनाला एक ठरावीक तापमान हवं असतं, साधारण ९० अंशांच्या आसपास. सिलिंडरमध्ये ज्योतीचं तापमान क्षणभर दोन हजार अंशांवर जातं आणि त्याचं झाकण, म्हणजे हेड, असतं ॲल्युमिनियमचं, जे ६६० अंशांना वितळतं. तेव्हा उष्णता काढायला हवीच. पण फार काढली तर पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ऑइल घट्टच राहतं, जळणातून तयार होणारं पाणी उडून न जाता ऑइलमध्ये साठतं. तापाने फणफणलेलं इंजिन जसं आजारी, तसं कायम गारठलेलंही आजारीच. फरक इतकाच की दुसरं आरडाओरडा करत नाही.

सुरुवातीच्या गाड्यांना हे ठरावीक तापमान एका सोप्या युक्तीने मिळायचं. कार्ल बेंझच्या १८८६ च्या तीनचाकीत पाणी सरळ उकळायचं आणि वाफ होऊन उडून जायचं. उकळतं पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे इंजिन सांभाळलं जायचं. पाणी मात्र सतत घालावं लागायचं. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेंझची बायको बेर्ता, नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन, मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी निघाली. सुमारे शंभर किलोमीटरच्या त्या वाटेवर जिथे मिळेल तिथे पाणी भरत गेली. आमचा मामा त्याच परंपरेतला. १९०० साली विल्हेल्म मायबाखने डाइमलरच्या पहिल्या मर्सिडीजसाठी मधाच्या पोळ्यासारखा दिसणारा रेडिएटर केला. सहा-सहा मिलिमीटरच्या ८,०७० चौकोनी नळ्या एकमेकींना चिकटवलेल्या, नळ्यांच्या आतून वारा, मधल्या फटींतून पाणी. पाण्याला वारा जितक्या जास्त जागी भिडेल तितकं ते लवकर निवणार, ही कल्पना. गरम चहा बशीत ओतणारा प्रत्येक माणूस ती जाणतो. आजचा ॲल्युमिनियमचा रेडिएटर दिसायला वेगळा, आत पाणी आणि बाहेर वारा अशा उलट मांडणीचा, पण तत्त्व बशीचंच.

तर फेरी अशी. इंजिनाच्या बाजूला वॉटर पंप असतो, तो पट्ट्यावर फिरतो. पंप पाण्याला सिलिंडरभोवतीच्या पोकळ्यांतून ढकलतो, तिथून ते वर हेडमध्ये येतं आणि सगळ्यात जास्त तिथेच तापतं. हेडच्या तोंडाशी एक दार आहे. दार बंद असेल तर पाणी आडवाटेने पुन्हा पंपाकडे वळतं. उघडं असेल तर वरच्या जाड होस पाइपातून रेडिएटरमध्ये जातं, निवतं आणि खालच्या पाइपाने पंपाकडे परत येतं.

त्या दाराचं नाव थर्मोस्टॅट. आत तांब्या-पितळेची एक छोटी डबी, डबीत मेण. पाणी तापलं की मेण वितळतं, वितळताना फुगतं, एक दांडी बाहेर ढकलतं आणि स्प्रिंग दाबून दार उघडतं. गार झालं की मेण आकसतं, स्प्रिंग दार मिटवते. मेण कोणत्या अंशाला वितळावं हे कारखान्यात ठरवलेलं असतं. बहुतेक गाड्यांत ८२ किंवा ८८ अंशांना दार किलकिलं होतं आणि पुढच्या दहा-बारा अंशांत पूर्ण उघडतं. १९३० च्या दशकात सर्गियस व्हर्ने नावाच्या संशोधकाने ही मेणाची डबी काढली आणि आजही तीच चालते. ना वायर, ना सेन्सर. सकाळी गाडी सुरू केल्यावर काटा झरझर मध्यावर येतो आणि मग दिवसभर तिथून हलत नाही, ही त्या चमचाभर मेणाची करामत. काही नव्या गाड्यांत मेणाला विजेची ऊब देऊन दार लवकर उघडायची सोय केलेली असते, एवढीच भर.

आता या बिचाऱ्या भागाचं आपल्याकडे काय होतं ते बघा. गाडी तापते म्हणून आली की अनेक गॅरेजांत पहिला उपाय ठरलेला असतो: ‘थर्मोस्टॅट काढून टाकू. तो थंड देशांसाठी असतो, आपल्याकडे काय गरज?’ ऐकायला पटतं. दारच काढलं तर पाणी सदा रेडिएटरमधून फिरणार, मग गाडी तापेलच कशी? पण मघाची आडवाट आठवा. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट पूर्ण उघडला की त्याचं खालचं टोक आडवाटेचं तोंड बंद करतं. तोच काढला की आडवाट कायमची उघडी राहते. काही पाणी रेडिएटरला न भेटताच परत पंपाकडे पळतं. शहरात, हिवाळ्यात, इंजिन गारठलेलं राहतं. गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं की इंजिन अजून तापायचंय, म्हणून तो पेट्रोल सढळ हाताने सोडतो आणि ॲव्हरेज पडतो. मे महिन्यात घाट चढताना मात्र हीच गाडी पूर्वीपेक्षा लवकर तापू शकते. दुखणं होतं तिथेच राहिलं, वर एक नवीन झालं.

बिघडलेला थर्मोस्टॅट दोन तऱ्हांनी अडकतो. बंद अडकला तर गाडी सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटांत काटा लाल रेघेकडे धावतो. इंजिन तापलेलं असतं आणि रेडिएटरचा खालचा पाइप मात्र जवळजवळ गार लागतो. उघडा अडकला तर काटा मध्यावर पोचतच नाही, आणि हायवेवर वारा लागला की आणखी खाली येतो. दुसऱ्या तक्रारीसाठी कुणी गॅरेजात जात नाही, उलट ‘आपली गाडी एकदम कूल’ म्हणून खूश असतात. शंका असेल तर जुना थर्मोस्टॅट दोरीला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडा आणि गॅस पेटवा. पाणी उकळायच्या आत तो डोळ्यांदेखत उघडला पाहिजे. पातेलं चहाचं नको, एवढी काळजी घ्या.

थर्मोस्टॅटखालोखाल मला आवडतो तो रेडिएटरचा कॅप. त्याला झाकण म्हणणं म्हणजे कुकरच्या शिट्टीला बूच म्हणण्यासारखं आहे. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळतं. महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटरवर, ९५-९६ अंशांनाच. आणि आपलं इंजिन तर नव्वदीत वावरतंय, हेडमध्ये काही ठिकाणी त्याहूनही वर. साधं उघडं पाणी असतं तर ते केव्हाच उकळलं असतं. म्हणून कॅपमध्ये एक स्प्रिंग असते, ती पाण्याला साधारण ०.९ ते १.१ बार दाबाखाली डांबून ठेवते. घरातल्या कुकरचा दाबही एवढाच. या दाबाला पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. त्यात निम्मं कूलंट मिसळलेलं असेल तर उत्कलनबिंदू आणखी आठ-दहा अंश वर सरकतो. दाब मर्यादेपलीकडे गेला की स्प्रिंग उचलली जाते आणि जादा पाणी शेजारच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत जातं. रात्री इंजिन गार झालं, पाणी आकसलं की कॅपमधली दुसरी छोटी झडप उघडते आणि बाटलीतलं पाणी परत आत ओढलं जातं. रोजची भरती-ओहोटी.

आता कॅपचं रबर कडक झालं किंवा स्प्रिंग सैल पडली, तर काय होईल? काहीही गळत नाही, पंखा फिरतोय, थर्मोस्टॅट ठीक, आणि तरी घाटात गाडी उकळते, कारण पाण्यावरचा दाबच गेलेला असतो. काही शे रुपयांचा भाग, पण लोक रेडिएटर बदलून बसतात. आत ओढणारी छोटी झडप बिघडली तर आणखी गंमत: बाटली काठोकाठ भरलेली दिसते आणि रेडिएटर अर्धा रिकामा असतो. बाटलीकडे बघून निश्चिंत झालेले कितीतरी जण यात फसतात. म्हणून रेडिएटरवर वेगळा कॅप असलेल्या गाडीत महिन्यातून एकदा, सकाळी, गाडी पूर्ण गार असताना तो कॅप उघडून आत बघावं. पाणी तोंडापर्यंत दिसलं पाहिजे. काही गाड्यांत रेडिएटरवर कॅप नसतोच, बाटलीच दाबाखाली असते आणि तिचं झाकण हाच कॅप. तिथे बाटलीवरची रेघ खरं बोलते.

आणि कुकरची शिट्टी पडायच्या आत जसं कुणी झाकण ओढत नाही, तसं तापलेल्या गाडीचा कॅप उघडू नये. ११५-१२० अंशांचं पाणी दाबामुळेच पाणी म्हणून राहिलेलं असतं. दाब सोडला की त्याच क्षणी त्यातल्या काहीची वाफ होते आणि ती उरलेलं पाणी घेऊन तोंडावर येते. मामाच्या फडक्याचं मला कौतुक आहे, पण त्याच्या उजव्या मनगटावर एक गुळगुळीत गुलाबी डाग होता, तोही मी पाहिलेला आहे.

रस्त्यात काटा चढायला लागला तर काय करायचं? पहिलं म्हणजे एसी बंद. एसीची जाळी रेडिएटरच्या पुढे बसवलेली असते, ती आपली उष्णता आधीच त्याच वाऱ्यात ओतत असते. दुसरं, विचित्र वाटेल, पण हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण जोरात. डॅशबोर्डच्या पोटात हीटरचा एक छोटा रेडिएटर असतो, त्यातून तेच इंजिनचं पाणी फिरतं. मे महिन्यात खिडक्या उघड्या टाकून तोंडावर भट्टीची झळ घेत बसणं सुखाचं नाही, पण तेवढी उष्णता इंजिनातून कमी होते आणि बरेचदा काटा दोन रेघा खाली येतो. तरीही तो चढतच राहिला, किंवा लाल दिवा लागला, तर मात्र पुढच्या धाब्यापर्यंत जाऊ असं म्हणू नका. सुरक्षित जागी गाडी घ्या आणि इंजिन बंद करा. वाफ येत असेल तर बॉनेटही लगेच उघडू नका. निदान पाऊण तास, जमलं तर जास्त. वरचा होस पाइप फडक्याने दाबून बघा, दगडासारखा लागला तर आत अजून दाब आहे. मऊ लागला की मगच कॅप, तोही फडकं धरून, हळूहळू. पाणी थोडं थोडं घाला. रागाने लालबुंद झालेल्या इंजिनात गार पाण्याची बादली रिकामी केली तर धातूला तडा जाऊ शकतो.

एक धोका असा की तापलेल्या गाडीचा काटा अचानक खाली येतो आणि आपण हुश्श करतो. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो. पाणी सगळं गळून गेलं की तो कोरड्या पोकळीत लोंबकळत राहतो आणि खोटं तापमान दाखवतो. काटा खाली, इंजिनाची ओढ कमी, आणि बॉनेटखालून गरम धातूचा वास, असं एकत्र आलं तर काट्यावर विश्वास ठेवू नये.

न थांबता पुढे गेल्यावर काय होतं, ते गॅरेजच्या भाषेत ‘हेड गॅस्केट गेलं’. हेड ॲल्युमिनियमचं आणि खालचा ब्लॉक अनेक इंजिनांत बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. मधे कागदाएवढी पातळ गॅस्केट दोघांची ओढाताण सोसत असते. ठरल्या तापमानात तिला ते जमतं. पलीकडे गेलं की हेड वाकतं, गॅस्केट फाटते आणि जळता वायू, पाणी, ऑइल यांच्या वेगळ्या ठेवलेल्या वाटा एकमेकींत मिसळतात. मग सायलेन्सरमधून गोडसर वासाचा दाट पांढरा धूर, कूलंटच्या बाटलीत बुडबुडे, ऑइलच्या कांडीवर दुधाच्या चहासारखा गढूळ रंग. पावसाळ्यात छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीच्या ऑइलच्या झाकणाखाली थोडा पांढरट फेस दिसतो, त्याने घाबरू नये, तो नुसता दमटपणा. हेड उतरवून लेथवाल्याकडे फेसिंगला पाठवणं, नवी गॅस्केट, मजुरी, असा खर्च सहज पाच आकडी होतो. मूळ दुखणं दोनशे रुपयांची क्लिप असू शकतं.

कारण पाणी गळतं ते बहुधा क्षुल्लक जागांतून. होस पाइपाची क्लिप, भेगाळलेला पाइप, रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टाकीचा सांधा, वॉटर पंपाखालचं बारीक भोक. हे शेवटचं मुद्दाम ठेवलेलं असतं, पंपाचं सील झिजलं की तिथून थेंब येऊन चाहूल लागावी म्हणून. हीटरचा रेडिएटर गळला तर पाणी बाहेर कुठेच दिसत नाही, डाव्या सीटपुढचं मॅटिंग ओलं होतं आणि काचेवर आतून चिकट धुकं बसतं.

गळणाऱ्या रेडिएटरवर आपला परंपरागत इलाज म्हणजे हळद. ट्रक ड्रायव्हरपासून आमच्या मामापर्यंत सगळ्यांनी केलेला. मूठभर हळद रेडिएटरमध्ये टाकायची, बारीक कण पाण्याबरोबर फिरत फिरत छिद्राशी जाऊन अडकतात, फुगतात आणि गळती बुजते. खरंच बुजते! पण हळदीला कुठलं भोक गळतीचं आणि कुठली नळी कामाची, हे कळत नाही. जुन्या पितळी रेडिएटरच्या रुंद नळ्यांत ती खपून जायची, आजच्या रेडिएटरच्या आणि हीटरच्या चपट्या, अरुंद नळ्यांत ती साठून बसते. अडनिड्या जागी अडकलात आणि दुसरा इलाज नसेल तर जरूर टाका, मात्र घरी पोचल्यावर सगळं पाणी काढून आतून धुऊन घ्या. मेकॅनिकलाही आधी सांगा, नाहीतर पिवळं पाणी बघून तो भलतीकडेच शोध घेत बसेल.

साध्या पाण्याबद्दलही तेच. वाटेत बिसलरीची बाटली ओतली तर काही बिघडत नाही. पण वर्षानुवर्षं बोअरचं पाणी घालणं म्हणजे गाडीला मुतखडा करून देणं. बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर जो पांढरा खर चढतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत चढतो आणि उष्णता अडवतो. अशी गाडी गावात ठीक चालते आणि चढावर तापते. कूलंटमधला ग्लायकॉल उकळबिंदू वर नेतो, गोठणबिंदू खाली नेतो. दुसऱ्या गुणाचा महाराष्ट्रात काडीचा उपयोग नाही. पण त्यात मिसळलेली गंजरोधक द्रव्यं ॲल्युमिनियमला, पंपाच्या सीलला जपतात, आणि काही वर्षांनी ती संपतात, म्हणून रंग छान दिसला तरी गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या मुदतीला कूलंट बदलायचं. हिरवं, गुलाबी, निळं हे रंग कंपनीने घातलेले असतात, रंगावरून जात ओळखता येत नाही. दोन जातींची मिसळ करू नये. घट्ट कूलंट आणलंत तर पाणी डिस्टिल्ड घ्यावं. तयार मिसळलेलं असेल तर पाणी अजिबात घालू नये. डब्यावर ते लिहिलेलं असतं.

आता माझी गाडी. ‘उभी असताना तापली,’ मी म्हणालो. ‘आणि तेव्हा एसी गार लागत होता का?’ हा त्याचा दुसरा प्रश्न. मला एकदम आठवलं. गेले दोन महिने सिग्नलला एसीतून कोमट हवा यायची आणि गाडी पळायला लागली की गार. मी गॅस कमी झाला असेल म्हणून सोडून दिलं होतं. पंखा एकच, तो एसीच्या जाळीलाही वारा घालतो आणि रेडिएटरलाही. दोन महिने गाडी हेच सांगत होती.

त्याने इंजिन चालू करून एसी लावला. एसी लावला की पंखा फिरायलाच हवा. फिरला नाही. फ्यूज बघितला, ठीक. रिले शेजारच्याशी बदलून बघितला, ठीक. मग स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने पंख्याच्या मोटरवर हलकेच दोन टोले दिले आणि पंखा भर्रकन सुरू झाला. ‘कार्बन संपलेत, काका.’ मोटरच्या आत विजेचा स्पर्श देणारे कार्बनचे तुकडे झिजले की असं होतं. ठोकलं की चालतो, गरम झाला की रुसतो.

मोटर बदलली. मग कूलंट बदलायचंच होतं म्हणून त्याने थर्मोस्टॅटचं घरही उघडलं, तर घर रिकामं. मागच्या वर्षी दुसऱ्या एका गॅरेजात गाडी दिली होती, तिथे कुणीतरी तो ‘आपल्याकडे काय गरज’ म्हणून काढून टाकलेला, मला न सांगता. थंडीत ॲव्हरेज का पडला होता, ते तेव्हा कळलं. नवा थर्मोस्टॅट, नवं रबर, नवा कॅप. कूलंट ओतताना आत हवा अडकून राहते, म्हणून कॅप उघडा ठेवून इंजिन चालू, हीटर गरमवर, पंखा दोनदा फिरून बंद होईपर्यंत. मधेमधे तो वरचा पाइप हाताने दाबायचा, तोंडाशी बुडबुडे यायचे, पातळी खाली जायची, तो पुन्हा भरायचा. यात अर्धा तास गेला. ही पायरी घाईत उरकली तर राहिलेली हवा हेडमध्ये जाऊन बसते आणि काटा उगाच वरखाली नाचतो.

‘उद्या सकाळी गार असताना बाटली बघा,’ तो म्हणाला. बघितली. पातळी रेघेच्या एक बोटभर खाली होती, उरलेली हवा रात्रीतून निघाली होती. त्याने दिलेल्या डब्यातलं कूलंट घालून रेघेपर्यंत आणली आणि बाटलीवर मार्करने तारीख टाकली. तिसऱ्या दिवशी तिथेच. आठवड्याने तिथेच.